बर्फ तिकडे वितळतो, खाडी इकडे चढते



उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव आपण मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात पाहतो. तिथला बर्फ वितळला तर कळव्यातल्या किंवा विटाव्यातल्या बाईचं काय बिघडतं? या महिन्याच्या पाठात हेच समजून घेऊ.

आधी करून पाहा

दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्या. पहिलीत पाणी घालून बर्फाचे चार खडे तरंगत सोडा. दुसरीत मोठा दगड ठेवा, त्याचा माथा कोरडा राहील एवढंच पाणी घाला आणि चार खडे दगडावर ठेवा. दोन्ही बरण्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करा. बर्फ वितळला की पाहा. पहिल्या बरणीत पाणी खुणेपाशीच असेल, दुसरीत वर चढलेलं दिसेल.

याचा अर्थ काय?

उत्तर ध्रुवावरचा बर्फ समुद्रावर तरंगतो, म्हणजे पहिली बरणी. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका इथला बर्फ जमिनीवर साचलेला आहे, म्हणजे दुसरी बरणी. तो वितळून समुद्रात आला की पातळी वाढते. शिवाय पाणी तापलं की फुगतं, त्यानेही समुद्र वर येतो.

मग तरंगता बर्फ गेला तर काहीच बिघडत नाही का? बिघडतं. उन्हात काळी छत्री जास्त तापते, पांढरी कमी. तसंच पांढरा बर्फ ऊन परत फेकतो आणि त्याखालचा काळा समुद्र ऊन शोषतो. बर्फ घटला की समुद्र आणखी तापतो, मग आणखी बर्फ जातो. म्हणूनच १९७९ पासून उत्तर ध्रुवाकडचा भाग जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे.

आपल्या देशाचे शास्त्रज्ञही यावर लक्ष ठेवून आहेत. अंटार्क्टिकात भारताची 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रं आहेत, उत्तरेकडे २००८ पासून 'हिमाद्री' आहे. हे काम गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय संस्थेकडून चालतं.

खाडीकाठी काय होतं?

१९०१ ते २०१८ या काळात जगातला समुद्र सरासरी २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत वर आला. अलीकडे हा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर झाला आहे.

वीतभर म्हणजे थोडं वाटेल. पण कळव्याच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर. डोंगरावरचं पावसाचं पाणी नाल्यांतून खाडीत उतरतं. भरती असली की नाल्याचं तोंड दाबलं जातं आणि पाणी मागे वस्तीत फिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ठाणे-कल्याण पट्ट्यातही घराघरांत पाणी शिरलं होतं. तो पाऊस ध्रुवांमुळेच पडला असं आपण म्हणणार नाही. पण भरतीचं पाणीच वर सरकलं, तर उद्या त्याहून कमी पावसातही पाणी उंबऱ्याशी येईल.

गटाने काय करायचं?

१. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा बैठकीच्या जागी लावा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण लक्षात ठेवा.
२. गटाचं दप्तर, पासबुकं, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, उंच फळीवर ठेवा. पापड-मसाल्याचा मालही जमिनीवर नको.
३. तिवरांत राडारोडा, कचरा टाकू देऊ नका. तिवरं गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. ठाणे खाडीच्या पाणथळीला २०२२ मध्ये रामसर हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आहे.
४. नालेसफाईचा अर्ज मे महिन्याच्या आत, गटाच्या नावाने आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी द्या. पोच घ्यायला विसरू नका.

बैठकीत बोला

आपल्या वस्तीत पाणी आधी कुठे शिरतं? तिथे एकटी म्हातारी, बाळंतीण किंवा आजारी बाई कोण राहते? पाणी चढलं तर तिला आणायला कोण जाईल? नावं ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा.

ध्रुवावरचा बर्फ आपल्या एकट्या गटाच्या हातात नाही. ही यादी मात्र आहे.