आभाळ नव्हे, वरचं धरण बघा

पंचगंगेत कयाक घालायला येणाऱ्या नव्या माणसाला मी आधी विचारतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी आज किती आणि काल किती होती? लाइफ जॅकेटचं त्यानंतर. आजचा आकडा बहुतेकांना ठाऊक असतो, कालचा क्वचितच कुणाला. नदी चढतेय की उतरतेय, हे मात्र दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

ही सवय मला श्रावणातल्या एका सकाळी पक्की लागली. कोल्हापुरात पावसाने उघडीप दिलेली, ऊन लख्ख. प्रयाग चिखलीहून शिवाजी पुलापर्यंत संथ पाण्यातून यायचा बेत होता. बोटी उतरवण्याआधी मी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली. पोहे खाऊन होईपर्यंत ती अर्धी बुडाली होती. काठाशी पाणी हलतसुद्धा नव्हतं, पण मधल्या धारेतून केंदाळाचे पुंजके चालत्या माणसाला मागे टाकतील अशा वेगाने निघाले होते. म्हशी घेऊन आलेल्या एका आजोबांनी हाक दिली, ‘‘दादा, वरनं पाणी सोडलंय. आज आत जाऊ नगा.’’ आम्ही बोटी परत गाडीवर बांधल्या.

रात्री राधानगरीचे दरवाजे उघडले होते. भोगावतीवरच्या या धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे सेकंदाला ४० हजार लिटर. ते कोल्हापूरला पोचायला कित्येक तास लागतात, आणि तोवर इथे आभाळ निरभ्र झालेलं असू शकतं. कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचं पाणी वेगळंच. म्हणून निघण्याआधी गगनबावडा-राधानगरीकडचा पाऊस आणि धरणाचा विसर्ग बघायचाच.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी त्याखाली आहे म्हणून बोट घालायला हरकत नाही, असं कृपा करून समजू नका. हे आकडे काठच्या वस्तीसाठी आहेत. बंधारे त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात, आणि बुडालेला बंधारा हाच आपला सगळ्यात मोठा वैरी. वरून येताना तो दिसत नाही. समोर पाण्यावर एक सरळ रेघ तेवढी जाणवते. पलीकडे पडणारं पाणी उलटं फिरून बंधाऱ्याकडेच ओढतं आणि बोटीला, माणसाला तिथेच घोळवत ठेवतं. जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटेलच असं नाही. पावसाळ्यात पातळीच्या बातमीत मी ‘पाण्याखालील बंधारे’ ही ओळ आधी वाचतो ती यासाठी. आपल्या वाटेवरचा एकही बंधारा त्यात असेल, तर बेत रद्द.

पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या खांबांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, मागे पाणी तुंबतं आणि वल्हवायला सुरेख संथ पट्टा मिळतो. पण पावसाळा तोंडावर आला की बरगे निघतात. मग खांबांमधून जोराची ओढ लागते. बोट आडवी झाली तर खांबाला चिकटते आणि पाण्याचा दाब तिला हलू देत नाही. बरगे आहेत की काढले, हे आदल्या दिवशी गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारा. उन्हाळ्यात शेतीच्या उपशाने पाणी खाली गेलेलं असतं, तेव्हा बोट बाहेर काढायची जागाही आधी पायी जाऊन बघा. काठाचा ओला गाळ गुडघाभर निघतो.