थव्यांचं भौतिकशास्त्र शिकून पोट भरेल का?

हिवाळ्यात ज्वारीच्या रानावर भोरड्यांचा थवा उतरतो. हजारो पक्षी, पुढारी कुणीच नाही, तरी सगळे एकदम वळतात. हे कसं घडतं, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. १९९५ मध्ये तमाश विचेक आणि सहकाऱ्यांनी एक साधा नियम मांडला: प्रत्येकाने शेजाऱ्यांची सरासरी दिशा धरायची, थोडी चूक होईल तेवढी होऊ द्यायची. गर्दी पुरेशी वाढली की अख्खा थवा एका दिशेने निघतो. टोळांच्या पिल्लांवर २००६ मध्ये झालेल्या प्रयोगात गर्दीचा असाच उंबरठा दिसला. मे २०२० मधली अमरावती-नागपूरकडची टोळधाड आठवते ना? पक्षी, टोळ, जिवाणू स्वतःची ऊर्जा खर्चून हलतात, म्हणून त्यांना ‘सक्रिय द्रव्य’ म्हणतात. अशा असंख्य घटकांचा हिशेब संभाव्यतेने मांडतं ते सांख्यिकी भौतिकशास्त्र.

मुलाने हा विषय घ्यायचा म्हटलं की यवतमाळ, पुसद, वणीचे पालक पहिला प्रश्न पोटाचा विचारतात, आणि तो रास्तच आहे. पदवीची तीन-चार वर्षं, एमएस्सीची दोन, पीएचडीची पाच-सहा, त्यानंतर बहुधा परदेशात पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरतं संशोधनपद. कायम नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. जागा थोड्या, जाहिरातींचा नेम नाही. मात्र पीएचडी घरच्या पैशावर करावी लागत नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं. ज्या घराला मुलाची कमाई बाविसाव्या वर्षीच हवी आहे, त्या घराने हे आकडे त्याच्याबरोबर बसून मोकळेपणाने मांडावेत.

अर्ध्यात सोडलं तर सगळं वाया, ही भीती मात्र मला पटत नाही, कारण हे शास्त्र बाहेरही उपयोगी पडतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आयुष्य घालवून पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत गेलेले दीपक धर २०२२ मध्ये सांख्यिकी भौतिकशास्त्रातलं बोल्ट्झमन पदक मिळवणारे पहिले भारतीय ठरले. ते पदक त्यांच्यासोबत जॉन हॉपफिल्ड यांनाही मिळालं. याच हॉपफिल्डना २०२४ चं नोबेल मिळालं ते कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घातल्याबद्दल, आणि तो पाया सांख्यिकी भौतिकशास्त्रातच आहे. संभाव्यता, प्रोग्रामिंग आणि संगणकावरचं अनुकरण ज्याला येतं, त्याला एमएस्सीनंतरही विदा विश्लेषणाची कामं मिळतात.

बारावीनंतर आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, मुंबईच्या सीईबीएस या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट. त्यात नंबर लागला नाही की आपल्याकडे मुलं विषयच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण दुसरा दरवाजा उघडाच असतो: गावाजवळच्या कॉलेजात मन लावून बीएस्सी करा आणि जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जा.

आवड खरी आहे का, हे तपासायला क्लास लावायची गरज नाही. सुट्टीत पायथन शिकून विचेकचा थवा संगणकावर उभा करा. शंभरेक ओळींत जमतो. चूक वाढवली की थवा कुठे फुटतो ते शोधण्यात रात्र कधी सरली ते कळलं नाही, तर तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरपासून जॅमच्या अर्जावर लक्ष ठेवा. परीक्षा फेब्रुवारीत असते.