घरच्या कढईत कॉफीची पारख : भाजलेल्या दाण्यातून उमगणारे बागेचे आरोग्य

प्रस्तावना

भारतातील कॉफीची बहुतांश लागवड कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या राज्यांच्या डोंगराळ भागात आहे. आंध्र प्रदेशातील अराकू खोरे, ओडिशातील कोरापुट आणि ईशान्येकडील काही राज्ये ही तुलनेने नवी क्षेत्रे होत. महाराष्ट्रात मेळघाटातील चिखलदरा परिसरात मर्यादित प्रमाणावर कॉफी आढळते. या पिकावर उपजीविका करणाऱ्यांमध्ये १० हेक्टरांपेक्षा कमी क्षेत्र असलेले छोटे बागायतदार संख्येने बहुसंख्य आहेत.

पिकलेली फळे किंवा वाळवलेली चेरी विकून झाली की छोट्या बागायतदाराचा आपल्या मालाशी असलेला संबंध बहुधा संपतो. त्याच्या घरात प्यायली जाते ती अनेकदा बाजारातून आणलेली चिकोरीमिश्रित पूड. परिणामी आपल्या बागेतील कॉफीची चव कशी आहे, किडलेल्या किंवा नीट न वाळलेल्या दाण्यामुळे ती किती बिघडते, हे त्याला व्यापाऱ्याने कापलेल्या दरावरूनच कळते. तोपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो.

स्वतःच्या मालातील १०० ग्रॅम दाणे घरी भाजून त्यांची कॉफी करून पाहणे हा यावरचा सोपा उपाय आहे. त्यासाठी कढई, चाळणी आणि स्वयंपाकघरातील वजनकाटा एवढे साहित्य पुरते. या पद्धतीचे तंत्र आणि कीड व्यवस्थापनाशी असलेला तिचा संबंध प्रस्तुत लेखात मांडला आहे.

दाण्यापर्यंत पोहोचणारी कीड

कॉफीचे फळ पोखरणारा भुंगेरा, म्हणजेच बेरी बोअरर, हा कॉफीचा जगभरातील प्रमुख शत्रू मानला जातो. त्याचे शास्त्रीय नाव हायपोथेनेमस हॅम्पेई असे आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९९० मध्ये निलगिरीतील गुडालूर भागात झाली. २०२५ मध्ये तो अराकू खोऱ्यातही आढळून आला. त्यामुळे आजवर या किडीची ओळख नसलेल्या बागायतदारांनाही तिची माहिती असणे निकडीचे झाले आहे.

मादी भुंगेरा जेमतेम दीड ते पावणेदोन मिलिमीटर लांबीचा, काळसर रंगाचा असतो. देठाच्या विरुद्ध टोकाला फळावर जी बेंबीसारखी खूण असते, तेथून मादी छिद्र पाडून आत शिरते आणि दाण्यात अंडी घालते. अळ्या दाणा खाऊन वाढतात. नर उडू शकत नाहीत. त्यांचे मीलन फळाच्या आतच बहिणींशी होते. म्हणून फळातून बाहेर पडणारी प्रत्येक मादी बहुधा फलित असते आणि लगेच नवे फळ शोधू लागते. किडीचे जवळजवळ संपूर्ण आयुष्य फळाच्या आत जात असल्याने फवारलेले औषध तिच्यापर्यंत सहज पोहोचत नाही.

कॉफीतील कॅफिन हे मुळात वनस्पतीचे कीटकांविरुद्धचे संरक्षण आहे. अरेबिका दाण्यात ते साधारण १.२ टक्के, तर रोबस्टात सुमारे २.२ टक्के असते. असे असूनही हा भुंगेरा केवळ कॉफीच्या दाण्यावर वाढू शकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून यामागचे एक कारण स्पष्ट झाले : त्याच्या आतड्यातील काही जिवाणू कॅफिनचे विघटन करतात. झाडाचे स्वतःचे संरक्षण अशा रीतीने निष्प्रभ ठरत असल्यामुळे बागेची स्वच्छता हाच व्यवस्थापनाचा कणा राहतो.

नमुना घेणे आणि मोजणे

भाजण्यापूर्वी नमुन्याची तपासणी करावी. विक्रीसाठी भरलेल्या निरनिराळ्या पोत्यांतून थोडे थोडे दाणे घेऊन ते एकत्र मिसळावेत. चेरी किंवा पार्चमेंट असल्यास उखळात हलक्या हाताने कांडून वरचे टरफल काढावे व सुपाने पाखडावे. या मिश्रणातून न निवडता १०० दाणे मोजून घ्यावेत आणि उजेडात तपासून त्यांचे निरोगी, छिद्र पडलेले, बुरशी आलेले, काळे आणि तुटके असे गट करावेत. बेरी बोअररचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे, गोल आणि अनेकदा काळसर कडेचे असते. ही मोजणी चार वेळा करून सरासरी काढल्यास किडलेल्या दाण्यांची टक्केवारी विश्वासार्ह मिळते.

यानंतर १०० निरोगी आणि १०० छिद्रित दाणे वेगवेगळे तोलावेत. वजनातील फरक म्हणजे किडीने खाल्लेला माल. समजा, निरोगी दाणे १६ ग्रॅम आणि छिद्रित दाणे १२ ग्रॅम भरले, तर प्रत्येक किडलेल्या दाण्यामागे चतुर्थांश वजन गेले. अशा मालात २० टक्के दाणे किडलेले असतील तर एकूण वजनातील घट ५ टक्के होते. प्रतवारीमुळे कापला जाणारा दर यात धरलेला नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक बागायतदाराने स्वतःच्या मालाचे आकडे काढावेत.

घरी दाणे भाजण्याची पद्धत

भाजण्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी इतक्या उष्णतेला वापरू नयेत. तेल किंवा तूप घालण्याची आवश्यकता नाही. धूर आणि पापुद्रे पुष्कळ निघत असल्याने हे काम उघड्यावर किंवा हवेशीर जागी करावे आणि भाजणे सुरू असताना कढई सोडून जाऊ नये.

१. कढई मध्यम आचेवर तापवून तीत १०० ग्रॅम दाणे टाकावेत आणि लाकडी उलथन्याने सतत हलवत राहावे.

२. पहिल्या चार-पाच मिनिटांत दाण्यातील पाणी निघून जाते. हिरवट दाणा पिवळा होतो. ओल्या गवतासारखा वास जाऊन भाजक्या धान्यासारखा वास येऊ लागतो.

३. पुढे दाणा बदामी आणि मग तपकिरी होतो. चंदेरी पापुद्रा सुटू लागतो. या टप्प्यात शर्करा आणि अमिनो आम्लांच्या अभिक्रियेतून रंग व सुगंध तयार होतात.

४. साधारण आठ ते बारा मिनिटांनी लाहीसारखी स्पष्ट तडतड ऐकू येते. दाण्याचे तापमान या वेळी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आतील वाफेच्या व वायूच्या दाबाने दाणा फुगून चिरतो. ही पहिली तडतड होय.

५. मालाची पारख करायची असेल तर पहिल्या तडतडीनंतर एक-दीड मिनिटात दाणे उतरवावेत. फिल्टर कॉफीसाठी थोडे अधिक भाजावेत. मात्र दुसरी, अधिक बारीक आणि जलद तडतड सुरू होताच आच बंद करावी. त्यापुढे दाण्यावर तेल येते, कडवटपणा वाढतो आणि मालातील चांगले-वाईट गुण जळक्या चवीखाली झाकले जातात.

६. उतरवलेले दाणे ताबडतोब धातूच्या चाळणीत ओतून पंख्याखाली हलवत तीन-चार मिनिटांत थंड करावेत. कढईतच ठेवल्यास ते आतून भाजतच राहतात. पापुद्रे फुंकून किंवा पाखडून काढावेत.

थंड दाणे पुन्हा तोलावेत. मध्यम भाजणीत १०० ग्रॅमचे साधारण ८४ ते ८६ ग्रॅम राहतात. ताज्या भाजलेल्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून झाकण सैल ठेवून ते किमान १२ ते २४ तास मुरू द्यावेत. त्यानंतर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावेत. पूड मात्र लागेल तेवढी, आयत्या वेळीच करावी.

दोन कपांची तुलना

पारखीसाठी दूध आणि साखर वर्ज्य करावी. निवडलेल्या निरोगी दाण्यांचा एक घाणा आणि न निवडलेल्या मालाचा दुसरा घाणा सारख्याच रंगावर भाजावा. बुरशी आलेले दाणे मात्र दोन्हींतून काढून टाकावेत. बुरशीजन्य विष भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही, त्यामुळे अशा मालाची चव घेऊ नये.

प्रत्येक कपात ८ ग्रॅम जाडसर पूड घ्यावी. पाणी उकळल्यानंतर अर्धा ते एक मिनिट थांबून सुमारे १५० मिलिलिटर पाणी पुडीवर ओतावे. चार मिनिटांनी वर आलेला साका चमच्याने मोडून वास घ्यावा, फेस काढून टाकावा आणि कॉफी किंचित निवल्यावर चमच्याने चव घ्यावी. कोमट झाल्यावर आणि थंड झाल्यावर पुन्हा चाखावी. पुष्कळसे दोष कॉफी निवल्यावरच उघडे पडतात. कोणता कप कशाचा हे चाखणाऱ्याला सांगू नये. कपाखाली चिठ्ठी ठेवावी आणि शेवटी उलटून पाहावी.

कपातील खूण आणि तिचे बागेतील वा खळ्यावरील संभाव्य कारण पुढीलप्रमाणे ओळखता येते.

• सपक, शिळकट आणि ओढलेल्या कडवटपणाची चव : छिद्रित दाणे अधिक. छिद्रांच्या कडा व तुटके तुकडे लवकर करपतात.

• सर्व दाणे तपकिरी झाले तरी काही फिकट राहणे, कपात कच्च्या शेंगदाण्यासारखी चव : अपक्व फळांची तोडणी.

• शिरक्यासारखा आंबट वास : फळे ढिगात साठून राहणे किंवा किण्वन लांबणे. अरेबिकाचा चिकट थर सुटण्यास सामान्यतः २४ ते ३६ तास पुरतात.

• कोंदट वास : अपुरी वाळवणी किंवा साठवणीत ओल लागणे.

• मातकट चव : उघड्या मातीवर वाळवणे.

घरच्यांसाठी फिल्टर कॉफी

पारख झाल्यावर उरलेल्या चांगल्या दाण्यांचा आस्वाद अवश्य घ्यावा. दक्षिणेत प्रचलित असलेल्या दोन कप्प्यांच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये वरच्या भांड्यात २५ ग्रॅम बारीक रव्याएवढी पूड भरून चकतीने हलकेच दाबावी. तीवर सुमारे १२० मिलिलिटर गरम पाणी हळूहळू ओतून झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या भांड्यात दाट अर्क जमतो. तो गरम दुधात आवडीप्रमाणे मिसळावा. निव्वळ अरेबिका सुवासिक पण हलकी लागल्यास थोडी रोबस्टा मिसळून दाटपणा आणता येतो. बाजारातील कॉफी-चिकोरी मिश्रणात नियमानुसार कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मा भाग चिकोरीचा असू शकतो. घरच्या कपाशी त्याची तुलना केल्यास आपल्या मालाचे मोल अधिक स्पष्ट होते.

कपाकडून पुन्हा बागेकडे

या सर्व खटाटोपाचा उपयोग पुढील हंगामातील कामांत उतरला पाहिजे. छिद्रित दाण्यांचे प्रमाण लक्षणीय आढळल्यास पुढील उपाय गावातील सर्व बागांनी एकाच वेळी करावेत. एका बागेत राहिलेली फळे शेजारच्या बागेला कीड पुरवतात.

• तोडणी वेळेवर आणि संपूर्ण करावी. झाडावर एकही फळ ठेवू नये. तोडणीच्या वेळी झाडाखाली चटई किंवा कापड अंथरावे आणि गळलेली फळे वेचून घ्यावीत.

• अवेळी आलेली फळे काढून टाकावीत, कारण दोन हंगामांच्या मधल्या काळात कीड त्यांच्यात तग धरते.

• किडलेली फळे बागेत टाकू नयेत. उकळत्या पाण्यात एक ते दोन मिनिटे बुडवून नंतर वाळवावीत किंवा खोल पुरावीत.

• सावली व झाडांची छाटणी योग्य राखावी. भुंगेऱ्यांसाठी सापळे तसेच ब्युव्हेरिया बॅसियाना या परोपजीवी बुरशीचा वापर स्थानिक कॉफी मंडळ कार्यालयाच्या सल्ल्याने करावा.

• पार्चमेंट १० टक्के, अरेबिका चेरी १०.५ टक्के आणि रोबस्टा चेरी ११ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावी. इतक्या कोरड्या दाण्यात बेरी बोअररची वाढ थांबते आणि बुरशीलाही वाव राहत नाही.

• किडलेल्या भागातून आणलेली पोती व इतर साहित्य निर्जंतुक केल्याखेरीज नव्या भागात नेऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

बागायतदारांच्या बैठकीत किडीचे चित्र दाखवण्याबरोबरच दोन कपांचे प्रात्यक्षिक घ्यावे. बागायतदारांनी आपापला पावशेर माल आणावा, स्वतः मोजावा, तोलावा आणि चाखावा. फळे वेचण्याचे काम अनेक ठिकाणी स्त्रिया करतात, म्हणून या प्रात्यक्षिकात त्यांचा सहभाग आवर्जून असावा. टक्केवारी, वजनातील घट आणि चवीचे शेरे एका वहीत लिहून ठेवल्यास पुढच्या वर्षीच्या तुलनेतून उपायांचा परिणाम दिसून येईल. भाजलेली कॉफी विकण्याचा विचार असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी.

समारोप

तोडणी संपल्यानंतर दमलेल्या हातांनी झाडावरची उरलीसुरली फळे वेचणे हे कंटाळवाणे आणि मजुरी खाणारे काम आहे. त्याचा लाभ लगेच दिसत नाही, म्हणूनच ते मागे पडते. राहून गेलेल्या त्या फळांमुळे कपात काय उतरते, हे स्वतःच्या जिभेने एकदा अनुभवले की त्या कामाची किंमत पटवून द्यावी लागत नाही. प्रत्येक कॉफी बागायतदाराने यंदाच्या मालातील १०० ग्रॅम दाणे विक्रीपूर्वी बाजूला काढून ठेवावेत.