अपडेटनंतर पंखा घोंघावतो तेव्हा

अपडेट झालं आणि कन्सोलचा पंखा घोंघावू लागला, तर आधी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. मागच्या उन्हाळ्यात आमच्या नागपूरच्या घरात हेच झालं. दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच "पंखा गेलाय, बदलावा लागेल" म्हणून सांगितलं. पंखा ठणठणीत होता.

कन्सोलचा पंखा किती वेगाने फिरणार, हे सिस्टिम सॉफ्टवेअर ठरवतं. चिपचं तापमान सेन्सर कळवतात आणि अमुक तापमानाला अमुक वेग, असा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये मांडलेला असतो. अपडेट तो हिशेब बदलू शकतं. सोनीचे अभियंता यासुहिरो ओतोरी यांनी तर ऑक्टोबर 2020 मध्ये, प्लेस्टेशन 5 (पीएस5) बाजारात येण्याआधीच सांगितलं होतं की नवनव्या गेममध्ये चिप कशी वागते याची माहिती जमवून पंख्याचं नियंत्रण ऑनलाइन अपडेटने सुधारत नेऊ. म्हणजे आवाज बदलला याचा अर्थ मशीन बिघडलं, असा नाही. कधी कधी पंखा मुद्दाम लवकर पळवलेला असतो, चिप थंड राहावी म्हणून. आणि वेगातला थोडा फरकही कानाला चांगलाच जाणवतो: पंख्याचा वेग 20 टक्के वाढला की हवा 20 टक्केच जास्त फिरते, आवाज मात्र साधारण 4 डेसिबलने चढतो.

आमचा त्रास वेगळाच होता. पंखा एकसारखा वाजत असता तर कानाला सवय झाली असती. हा चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, तेही गेममधलं पात्र एका जागी नुसतं उभं असताना. वेग वाढवायचं तापमान आणि कमी करायचं तापमान यांत फार कमी अंतर ठेवलं, की पंखा असाच झुलत राहतो. पुढच्या अपडेटनंतर ते बरंचसं थांबलं. नवा पंखा बसवला असता तर पैसे पाण्यात गेले असते.

तरी सगळं खापर अपडेटवर फोडू नका. अपडेट आलं तो एप्रिल होता. पीएस5च्या सूचनापुस्तिकेत वापरासाठी 5 ते 35 अंश तापमान दिलंय. आमच्या हॉलमध्ये दुपारी पारा त्याच्याही वर असतो. तोच गेम पहाटे लावला की आवाज निम्म्याने उतरल्यासारखा वाटायचा. शिवाय अपडेटपाठोपाठ गेमचे पॅचही उतरत असतात, त्यामुळे सिस्टिम बदलली की गेम, हे कळत नाही. मेनूत किंवा नकाशाच्या पडद्यावर फ्रेम रेटला लगाम नसेल, तर लढाईपेक्षा तिथेच चिप जास्त तापू शकते.

म्हणून अपडेटचं बटण दाबण्याआधी एक नोंद करून ठेवा. एक गेम, एक ठरलेली जागा, पंधरावीस मिनिटं. छताचा पंखा बंद. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अॅप दरवेळी तेवढ्याच अंतरावर धरा. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरक कामाला येतो. खोलीचं तापमानही लिहा, नाहीतर मे आणि डिसेंबरची तुलना करत बसाल. अपडेट झाल्यावर डाउनलोड संपू द्या, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा लावा आणि मगच मोजा. ही खटपट आधीच करायची, कारण अपडेट एकदा बसलं की जुन्या आवृत्तीवर परतायची सोय सहसा नसते. अपडेट टाळत राहिलात तर ऑनलाइन खेळणं अडतं.

फरक खरंच मोठा निघाला, तर कन्सोल टीव्हीच्या काचेच्या कपाटातून बाहेर काढा आणि जाळीवरची धूळ झाडा. व्हॅक्यूम लावलात तर पंखा गरगरू देऊ नका, पाती धरून ठेवा. पीएस5चा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, घरी काढायच्या फंदात पडू नका; आत द्रवरूप धातू आहे, तो बोर्डवर ओघळला तर शॉर्ट होऊ शकतं. पण खरखर किंवा टकटक ऐकू येत असेल, तर तो अपडेटचा प्रताप नव्हे. बहुधा बेअरिंग गेलंय किंवा पात्याला काहीतरी घासतंय. वॉरंटी तपासा आणि अधिकृत सेवा केंद्रातच द्या.