कवटीचा पेला खरा की बखरीतला?

प्रश्न : बल्गेरियाच्या एका खानाने रोमन सम्राटाच्या कवटीचा पेला करवला होता म्हणे. हे खरं का?

उत्तर : बहुधा खरं. सम्राट पहिला निकेफोरोस, खान क्रुम आणि साल 811. सम्राटाचं मुंडकं काही दिवस काठीवर टांगलं, मग कवटी साफ करून बाहेरून चांदीने मढवली आणि तीतून स्लाव सरदारांना प्यायला लावलं, असं थिओफानीस या ग्रीक भिक्षूने अवघ्या काही वर्षांत लिहून ठेवलं. करवाढीमुळे त्याचा निकेफोरोसवर भारी राग, त्यामुळे त्याचा शब्द पारखूनच घ्यावा. पण ही चाल त्या मुलखात नवखी नव्हती. 972 मध्ये कीव्हच्या स्व्यातोस्लावच्या कवटीचाही पेचेनेग टोळीवाल्यांनी पेला केला, असं रशियन बखर सांगते.

मला पेल्यापेक्षा त्याआधीचे दिवस अधिक विलक्षण वाटतात. निकेफोरोस ती मोहीम जिंकला होता! 809 मध्ये क्रुमने सेर्दिका, म्हणजे आजचं सोफिया, घेऊन तिथली शिबंदी कापून काढली होती. त्याचा वचपा काढायला सम्राट थेट प्लिस्का या बल्गार राजधानीवर चालून गेला. क्रुमने तहाची बोलणी लावली, ती त्याने झिडकारली. शहर लुटलं, खानाचा वाडा जाळला. गादीवर येण्यापूर्वी हा गृहस्थ साम्राज्याचा खजिनदार होता. त्याने खानाच्या खजिन्याला स्वतःची मोहोर लावली आणि लुटीला हात लावणाऱ्या आपल्याच शिपायांचे कान कापवले. (हेही थिओफानीसच सांगतो, पण जुन्या खजिनदाराला शोभतं खरं.)

तेवढ्यात क्रुमने परतीच्या खिंडीत लाकडी कोट उभारले. 26 जुलैच्या पहाटे बल्गार छावणीवर तुटून पडले. सम्राट तिथेच मारला गेला; पळणारे कितीतरी दलदलीत रुतले, कितीतरी जळत्या कोटाशी मेले. रणात रोमन सम्राट पडण्याची अशी नामुष्की 378 मध्ये व्हॅलेन्सनंतर पहिल्यांदाच ओढवली.

मुलगा स्तावराकिओस मणक्याला जबर जखम घेऊन निसटला. गादीवर बसला, पण ऑक्टोबरात ती मेहुणा मिखाईलकडे गेली. या मिखाईललाही क्रुमने 813 मध्ये वर्सिनिकियाला हरवलं आणि तो कॉन्स्टँटिनोपलच्या तटापाशी येऊन ठेपला. शहराच्या सुदैवाने पुढच्या वेढ्याची तयारी चालू असतानाच, एप्रिल 814 मध्ये, तो मेला.