मोगऱ्याची विश्रांती

मोगरा उन्हाळ्यात फुलतो, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्या बहराची तयारी मात्र ऐन हिवाळ्यात करावी लागते.

काश्मीरसारख्या थंड प्रदेशात हिवाळा जवळ आला, की माळी बहुवर्षायू फुलझाडांच्या बुंध्याशी गवत व पालापाचोळा पसरतात. जमीन गोठून मुळे मरू नयेत, म्हणून ही काळजी. पाने झडलेली झाडे तेथे वसंतापर्यंत निवांत झोपतात. रत्नागिरीस समुद्राच्या सान्निध्यामुळे हिवाळा सौम्य असतो. बर्फ पडत नाही. मग झाडाला झोपवावयाचे कोणी? ते काम येथे माणसालाच करावे लागते.

रत्नागिरीस वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसात मोगरा पानांनी दाट होतो. पुढे ओल ओसरते आणि नोव्हेंबरच्या सुमारास मोगऱ्याचे पाणी तोडतात. यालाच 'ताण देणे' म्हणतात. हळूहळू पाने पिवळी पडून गळू लागतात. अशा वेळी घरातील एखाद्या मुलाला झाडाची दया येते व तो गुपचूप तांब्याभर पाणी ओततो. ही दया झाडाला मानवत नाही. ओल मिळताच ते अवेळी पालवते, मुळांत व खोडात साठविलेले अन्न पानांतच खर्ची पडते, आणि उन्हाळ्यात कळ्या थोड्या येतात. कुंडीतील रोपाला मात्र इतका कडक उपास सोसत नाही. त्याची माती अगदीच कोरडी पडली, तर थोडे पाणी द्यावे.

शेवंतीची तऱ्हा निराळी. रात्र मोठी होऊ लागली, की तिला कळ्या धरतात. म्हणून हिवाळ्यात तिचे पाणी तोडणे म्हणजे भरल्या ताटावरून उठविणेच होय. तिचा बहर सरल्यावर दांडे जमिनीलगत कापावेत. बुडाशी फुटणारे कोंब हीच पुढील वर्षाची रोपे.

डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत मोगऱ्याची छाटणी करतात. जमिनीपासून सुमारे दीड फूट ठेवून वरच्या फांद्या धारदार कात्रीने कापाव्यात. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. तेव्हा जुन्या फांद्यांचा लोभ धरू नये. नंतर आळे हलक्या हाताने खणून माती काही दिवस उन्हात तापू देतात, चांगले कुजलेले शेणखत घालतात आणि मग पोटभर पाणी देतात. मेल्यासारख्या दिसणाऱ्या काड्यांना हिरवे अंकुर फुटतात. फाल्गुनाच्या सुमारास पहिल्या कळ्या दिसू लागतात, आणि सायंकाळी त्या उमलल्या, की त्यांचा सुवास अंगण ओलांडून पडवीपर्यंत येतो.