उंचावलेल्या मोटारीचा तोल

मोटारीची चाके आणि तिचा सांगाडा यांच्यामध्ये कमानींची जी योजना असते, तिला सस्पेन्शन असे म्हणतात. रस्त्याचे धक्के कमानींनी सोसावेत आणि चारही चाके जमिनीला टेकून राहावीत, हे तिचे कार्य होय. रस्ता सोडून खडकाळ भूमीवर वाहन नेणारे काही मोटारमालक मूळच्या कमानी काढून लांब कमानी बसवितात, अथवा कमानी व आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून सांगाडा दहा-बारा सेंटिमीटर वर उचलून घेतात. वाहनाचे पोट दगडाला घासू नये, हा त्यामागील हेतू. हेतू सयुक्तिक आहे. परंतु त्यासाठी द्यावी लागणारी किंमत वाहन सपाट जागी उभे असताना दिसत नाही. ती उतारावर दिसते.

कोणत्याही वस्तूचे सारे वजन जणू एकाच बिंदूत एकवटले आहे, असे मानता येते. त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. त्यातून खाली सोडलेली लंबरेषा वस्तूच्या आधाराच्या आत पडते तोवर वस्तू उभी राहते. ती बाहेर पडू लागली की वस्तू उलटते. वाचकांना हे घरच्या घरी पाहता येईल. ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच जाड अशी एक वीट घ्यावी. एका फळीवर लाकडाची बारीक पट्टी ठोकून विटेची कड तिला टेकवावी, म्हणजे वीट घसरणार नाही. आता फळी हळूहळू तिरपी करावी. वीट पसरट ठेवून साडेचार इंचांच्या रुंदीकडून कलविली, तर ती सुमारे ५६ अंशांपर्यंत तग धरते. तीच वीट ३ इंच रुंदीवर उभी केली, तर १८ अंशांवरच कोलमडते. वीट तीच, वजन तेच. फरक केवळ उंची आणि रुंदी यांच्या प्रमाणाचा.

मोटारीच्या बाबतीत डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर ही रुंदी समजावी. हे अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंटिमीटर आहे, असे धरू. हे वाहन आडव्या उतारावर, कमानी मुळीच दबल्या नाहीत असे मानल्यास, सुमारे ४९ अंशांपर्यंत उलटणार नाही. आता सांगाडा १२ सेंटिमीटर उचलला. चाके व आस जागच्या जागी राहत असल्यामुळे गुरुत्वमध्य त्याहून थोडा कमी, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर वर जातो. मर्यादा ४५ अंशांवर येते. वाहनाचे वजन १६०० किलो असून टपावरील कॅरिअरमध्ये १०० किलो सामान बांधले, तर ती ४२ अंशांवर उतरते.

४५ अंशांच्या उतारावर कोण शहाणा गाडी घालतो, असे येथे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे; पण उताराचा कोन एकटा येत नसतो. समजा, उतार अवघा २० अंशांचा आहे. खालच्या बाजूचे चाक २० सेंटिमीटर खोल खळग्यात गेले की वाहन आणखी साडेसात अंश कलते. खालच्या कमानी दबतात, वरच्या सैलावतात. त्यामुळे सांगाडा सुमारे ५ अंश झुकतो, आणि लांब व मऊ कमानी असल्यास अधिकच. अशा क्षणी चालकाने घाबरून चाके चढाकडे वळविली आणि ताशी १५ किलोमीटर वेगाने ८ मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर वाहनास बाहेरच्या, म्हणजे उताराच्या दिशेने जो रेटा बसतो, तो आणखी १२ अंशांच्या कलाएवढा असतो. बेरीज ४५ अंशांस जाऊन भिडते. मूळच्या वाहनापाशी अद्याप चार अंश शिल्लक असतात. उंचावलेल्या वाहनापाशी काहीच उरत नाही. भुसभुशीत जमिनीवर वाहन उलटण्यापूर्वी घसरू लागते हे खरे, परंतु घसरता घसरता खालचे चाक चाकोरीत किंवा दगडाशी अडले, की त्या अडथळ्याने तेच काम केले म्हणून समजावे जे आपल्या प्रयोगात फळीवरच्या पट्टीने केले होते.

यावरचा उपाय जाणकार असा सांगतात की, वाहन कलू लागताच चाके उताराच्या दिशेने वळवावीत. मग वळणाचा रेटा चढाच्या बाजूस बसतो आणि तोल सावरतो. उपाय शास्त्रशुद्ध आहे, पण त्यास खाली मोकळी जागा लागते. ती नसेल तर?

रायपूरहून भिलाईस जाताना खारून नदी ओलांडल्यावर दुर्ग जिल्ह्यात कुम्हारी लागते. या परिसरात मुरूम खणून काढलेले खोल खड्डे आहेत. मुरूम हा झिजलेल्या खडकाचा भरड चुरा रस्त्यांच्या भरावास लागतो, आणि तो उपसून नेला की मागे उभ्या काठांचे खड्डे राहतात. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री कुम्हारीजवळ खपरी येथे मद्यार्क कारखान्याच्या कामगारांना घरी नेणारी बस रस्ता सोडून अशाच एका खड्ड्यात कोसळली आणि बारा जण मृत्युमुखी पडले. ती बस साधी होती, कोणी उंचावलेली नव्हती. आणि त्या अपघाताचा दोष कमानींवर ठेवण्याचे कारण नाही. तथापि अशा भूमीत रस्त्याच्या कडेपलीकडे काय असते, हे त्यावरून कळते. खड्ड्याच्या काठाने जाणाऱ्या वाहनास उताराकडे वळण्याचा मार्गच बंद असतो.

शिवाय काठ दिसतो तितका भक्कम नसतो. कोरडा मुरूम चिकटून राहतो म्हणून उभा कापला तरी टिकतो. पाण्याने भिजला की ही चिकटण्याची शक्ती घटते आणि काठापासून आत भेगा पडतात. ढासळणारा भाग पाचरीच्या आकाराचा असून, माथ्यावर तो खड्ड्याच्या खोलीच्या निम्म्याहून अधिक अंतरापर्यंत आत पोहोचू शकतो. १२ मीटर खोल खड्ड्याच्या काठापासून सहा-सात मीटरांवर असलेले चाकही त्या पाचरीवरच असेल. उंच आसनावर बसलेल्या चालकास दूरचे चांगले दिसते, पण चाकाजवळची जमीन बॉनेटआड अधिकच लपते.

यंत्ररचनेवर होणारे परिणाम थोडक्यात सांगता येतील. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढल्याने त्याचे क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. किंगपिनचा मागे झुकलेला कोन अनेकदा कमी होतो, आणि वळणानंतर चाके आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती मंदावते. गंमत अशी की, अखंड आसाच्या वाहनात सर्वांत खाली असणारी दातचक्रांची पेटी आसावरच असल्याने कमानी बदलून ती तसूभरही वर येत नाही. त्यासाठी मोठे टायरच लागतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ तसाच कडकपणे लावला आहे.

मूळच्या उंचीच्या वाहनानेही बरीचशी वाट काढता येते. टपावरचे ओझे उतरवून आत तळाशी ठेवावे. टायरांतील हवा थोडी कमी करावी, म्हणजे पकड वाढते. पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी. खालच्या बाजूचा खळगा दगडांनी बुजवावा. आणि जेथे काठ जवळ आहे तेथे वाहन थांबवून एकाने काठी घेऊन पायी पुढे जावे, भेगा पाहाव्यात, जमीन ठोकून पाहावी.